मी पतसंस्थेला दिलेले एक्क्याण्णव मार्क

लिहिण्याएवढं मला काही येतं असं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता : एका पतसंस्थेच्या कामगिरीचं मोजमाप. मी गव्हाणची आमची पतसंस्था निवडली. मोजायचं कसं ते कळेना, म्हणून आपल्याला देतात तसे शंभरपैकी मार्क दिले. थकबाकी कमी, याला सर्वांत जास्त. संस्थेला एक्क्याण्णव पडले. मॅनेजर साहेबांनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला. मला फार बरं वाटलं.

माझी आत्या पनवेलला मासळी विकते. टोपलीतून पाणी गळतं म्हणून रिक्षावाले तिला घेईनासे झाले होते. जुना टेम्पो घ्यायला ती कर्ज मागायला गेली आणि तासाभरात परत आली.

"साहेब बोलतात, नवीन कर्ज नाय. थकलं तर मार्क कमी होतील. कोण रं हा मार्क देनारा?"

"मीच, आत्या."

"तू? आनि यासाठी तुला शिकवला?"

रात्रभर मी वही घेऊन बसलो. तेव्हा दिसलं, संस्थेचे हप्ते वेळेवर येत होते खरे, पण जवळजवळ सगळं कर्ज दोनच बांधकामवाल्यांकडे होतं. एक बुडाला की संस्था बुडाली. हे मी मोजलंच नव्हतं. नवीन कर्जांना आणि ती किती जणांत वाटली आहेत याला मार्क ठेवून पुन्हा बेरीज केली. त्रेचाळीस.

दुसऱ्या दिवशी नवी बेरीज बघून साहेबांनी आधी फ्रेम उतरवली, मग घाम पुसला.

"आता काय करायचं?"

"छोटी छोटी कर्जं द्या, सर. जास्त लोकांना. म्हणजे एखादा अडला तरी संस्था तगेल."

"उदाहरणार्थ कोणाला?"

मी खाली बघत म्हणालो, "मासळी विकणाऱ्या एक बाई आहेत."

"तुझी कोण?"

"आत्या."

"अरे वा! परीक्षकच वशिला लावतोय!" ते एवढ्या मोठ्यानं हसले की कॅशियर पैसे मोजताना चुकला. पण आत्याचा अर्ज त्यांनी ठेवून घेतला. शनिवारी समिती बसणार होती.

शनिवारी कॉलेजात माझं लक्ष नव्हतं. दुपारी आत्याचा फोन आला.

"मंजूर झाला रं! पन अर्धाच दिलाय. समिती बोलते, आधी तीनचाकी घे, ती फेडलीस तर चारचाकीचं बघू."