नसलेली लेव्हल

"श्रीधर गेला गं," मामीचा ऑफिसात फोन आला, तेव्हा मला वाटलं, अपघात झाला. नुकताच तर तो म्हणाला होता, "सगळे रिपोर्ट सरी, अगदी ठीक आहेत, पुट्टी." मल्लेश्वरमला मामीकडे पोचले तर घरात रडणं होतं, धक्का नव्हता. शेजारच्या अक्कांनासुद्धा आजार ठाऊक होता. "तुला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यानं," मामी म्हणाली.

श्रीधरअण्णा माझा मामेभाऊ. कॉलेजात मी कुणाशी फारशी बोलत नसे. त्याच्या खोलीत बोलावंच लागत नसे. टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता, विमानाचा. एकदा त्यानं त्याची कॅसेट उघडली, आतली चिप त्याच्या कंपनीतल्या यंत्रावर वाचली आणि छापील कागदांची चळत घरी आणली. नुसते आकडे. "यातून मूळ प्रोग्राम उलटा उभा करायचा," म्हणाला.

"सुरुवात कुठून करू?"

"पहिल्या पानावरून नको. तू मेलीस की पडद्यावर काय बदलतं?"

"एक लाइफ कमी होते."

"म्हणजे कुठेतरी एक वजा होतोय. तो शोध."

सापडला. अण्णानं ती वजाबाकी काढून प्रोग्राम नव्या चिपवर भरला. विमान आदळत राहिलं, लाइफ तेवढ्याच. "मरतच नाही की गं हे!" मामी दारातून ओरडली.

मग त्यानं सांगितलं, शेवटच्या लेव्हलनंतर एक गुप्त लेव्हल आहे. सगळी सुट्टी मी ती शोधली, आकड्यांच्या एकेका तुकड्याचं काम ओळखून त्याला नाव देत गेले... शेवटी हाती आली एकच सूचना : पहिल्या लेव्हलवर परत जा.

"तुला माहीत होतं?"

"स्वल्प," तो हसला. "आधी सांगितलं असतं तर एवढं वाचलं असतंस?"

मी त्याच्याकडे जाणंच सोडलं. शेवटी तोच जयनगरला आमच्या दारात आला. "परत मला असं फसवायचं नाही," मी म्हटलं. "सरी," म्हणाला.

त्या खोट्यातून मी शिकले, म्हणून माफ केलं. या खोट्यातून काय शिकू, अण्णा? जयनगरहून एक बस तर पकडायची होती... मी तुझ्याजवळ नुसती बसून राहिले असते.

मामीनं गेम मला दिला. कॅसेटला अजून झाकण नाही, आत आमचीच चिप. मी तो टीव्हीला जोडते. विमान आदळतं, पुन्हा निघतं, लाइफचा आकडा हलत नाही. बंद मलाच करावा लागतो.