साडूभाऊंचं भिंग

कॅमेरा विकत घेण्याआधी माणसाला जेवढा विचार करता येतो, तेवढा सगळा आमच्या साडूभाऊंनी एकट्याने करून संपवून ठेवला आहे. आता बाकीच्या जगाने नुसतं दुकानात जावं, खोकं उचलावं आणि घरी यावं. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. त्यामुळे मानाने ते माझ्याहून एक पायरी वर, आणि ही गोष्ट त्यांनी मला आजवर विसरू दिलेली नाही. मी शाळामास्तर, ते नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाची रुई करणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर. शेतकऱ्याची कापसाची गाडी आत आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि माल कितव्या नंबरचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. एकदा तोंडातून निघालेला नंबर ते बदलत नाहीत. मालकाने डोळे वटारले तरी नाही आणि शेतकऱ्याने पाय धरले तरी नाही. असा माणूस कुणा दुकानदाराच्या शब्दावर कॅमेरा घेईल हे शक्यच नव्हतं.

त्यांच्या मनात कॅमेरा आला तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती, आणि कॅमेरा घरात आला तेव्हा ती आठवीची गाइडं मागत होती. मधल्या काळात साडूभाऊंनी खामगाव, अकोला आणि जळगाव इथल्या दुकानदारांना पुरतं जेरीस आणलं. एका शंभर पानी वहीत कॅमेऱ्यांचे गुणदोष लिहून ठेवले होते, सोयरीक जुळवताना स्थळांचे लिहितात तसे. एखाद्या कॅमेऱ्यापुढे ‘अंगाने जड, पण स्वभाव चांगला’ असाही शेरा असे. अकोल्याच्या दुकानात मी स्वतः हजर होतो. दुकानदार बिचारा उत्साहाने मेगापिक्सेल सांगायला लागला, तर साडूभाऊंनी त्याला हाताने थांबवलं. म्हणाले, “मेगापिक्सेल म्हंजे एकरी झाडं झाली. दाट लावली म्हणून बोंड मोठं होते का?” दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरच्या बॅटऱ्या मोजू लागलो. मग साडूभाऊंनी खिशातून काळ्या मखमलीचा एक तुकडा काढला, काउंटरवर पसरला, दुसऱ्या खिशातून चिमूटभर रुई काढून त्यावर ठेवली आणि म्हणाले, “याचा फोटो काढून दाखव. तंतू न् तंतू सुटा दिसला पायजे.” वर पंखा चालू होता. रुई उडाली ती पासपोर्टच्या फोटोसाठी काळा कोट घालून बसलेल्या एका गृहस्थांच्या खांद्यावर जाऊन बसली, आणि पुढची दहा मिनिटं साडूभाऊ त्या गृहस्थांना हलू नका म्हणत त्यांच्या खांद्याचे फोटो काढत होते. पाचव्या खेपेला सौदा झाला. दूरचं जवळ दाखवणारी लेन्स घेतली तर बॅग आणि स्टँड फुकट मिळत होता. तो नाकारून त्यांनी मॅक्रो लेन्स घेतली, म्हणजे मुंगीचा हत्ती करून दाखवणारं भिंग. आमच्या खानदानात तोवर कुणी कशाकडे इतक्या जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायची गरजही पडली नव्हती.

कॅमेरा आल्यावर घराची रीतच पालटली. जिनिंगमध्ये दिवसभर रुईची धूळ उडते, ती यांच्या कपड्यांत, भुवयांत आणि कानांत असते, आणि तीच कॅमेऱ्याच्या पोटात जाईल या धास्तीने साडूभाऊ लेन्स बदलायचे ते मच्छरदाणीत बसून. भरदुपारी आंघोळ करून, उघड्या अंगाने, पंखा बंद ठेवून हा सोहळा चाले. त्या वेळात घरात कुणी गादी झटकायची नाही, कुणी शिंकायचं नाही. एकदा पोस्टमन दारात उभा राहिला, तर ताईंनी तोंडावर बोट ठेवून त्याला थांबवलं. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. “आत कोणी आजारी हाय का?” पोस्टमनने हळूच विचारलं. ताई म्हणाल्या, “नाई भाऊ, भिंग बदलून राह्यले. माह्या बाळंतपणात एवढी जपणूक नाई झाली.” फुकटचा स्टँड नाकारला होताच, म्हणून त्यांनी जुन्या पायजम्याच्या पायाची पिशवी शिवून त्यात सरकी भरली, आणि ती पिशवी जमिनीवर, दगडावर, माझ्या डोक्यावर कुठेही ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवायचे. कॅमेरा हलत नसे हे खरं. मान माझी अवघडायची.

आमच्या मोठ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी तीनशे फोटो काढले. त्यांत नवरीच्या अंगठीतला खडा होता, नवरदेवाच्या कानावरचा एक केस होता आणि अक्षतांमधला एक तांदूळ तर इतका सुरेख होता की त्यावरची हळद मोजून घ्यावी. नवरी मात्र कुठे नव्हती. सहकुटुंब लोणारला गेलो, तर सगळं जग ते सरोवर पाहायला येतं आणि हे काठावरच्या वाटेवर पोटावर पालथे पडून दोन तास एका किड्याची वाट पाहत होते. परत येताना बसमध्ये मी विचारलं, सरोवर कसं वाटलं? म्हणाले, “पाहाचं राह्यलं. पुढच्या टायमाले पाहू. ते काई उडून नाई जात.”

पण त्यांची खरी लढाई झाली ती कापसाशी. पहिल्याच हंगामात एक नंबरी कापसाचा ढीग पाहून त्यांनी मोठ्या मायेने फोटो घेतला, आणि पडद्यावर बघतात तो कापूस राखाडी, धुळीत लोळल्यासारखा. आयुष्यात त्यांनी दिलेला नंबर कुणी खाली आणला नव्हता, तो या यंत्राने आणला. दोन दिवस ते जेवले नाहीत म्हणतात, म्हणजे एक चपाती कमी खाल्ली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मला गाठून त्यांनी शोध सांगितला. “मास्तर, त्याले पांढरं खपतच नाई. पांढरं दिसलं का मळकं करते, काळं दिसलं का फिक्कं करते. सगळ्याईले मधात आणून बसवते. आपल्याले त्याले सांगा लागते का बाबा, हे खरंच पांढरं हाय, तू भेऊ नको.” त्या सांगण्याचं एक बटण असतं. ते सापडल्यावर त्यांनी काढलेला कापूस मी पाहिला, आणि थट्टा करायची माझी जीभ पहिल्यांदाच गप्प बसली. असा पांढरा रंग मी सणासाठी पेटीत जपलेल्या धोतरावरसुद्धा पाहिला नव्हता.

हे सगळं हौसेचं होतं तोवर ठीक चाललं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळी विसरा असं आम्हाला सांगितलं गेलं होतं आणि काही वर्षं आम्ही ती विसरलोही होतो. मग एका हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाची उभी पऱ्हाटी धरली. ही अळी मोठी लबाड. बोंडाच्या आत बसून सरकी खाते आणि बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, दृष्ट लागावं असं राहतं. अमडापूरच्या रहीमभाईंचं वावर तिने असंच आतून पोखरलं. रहीमभाई म्हणजे साडूभाऊंचे जिनिंगमधले सगळ्यांत जुने शेतकरी. खामगावचा बाजार वाटेत सोडून ते इतक्या लांब नांदुऱ्याला गाडी आणायचे, कारण साडूभाऊंच्या नंबरावर त्यांचा भरवसा होता. आणि साडूभाऊंचा त्यांच्यावर. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे पुष्कळ, पण रहीमभाईंच्या गाडीत ओल आहे का हे पाहायला साडूभाऊंनी कधी हात घातला नाही. नुसतं गाडीकडे बघून नंबर सांगायचे.

नुकसानीची पाहणी करायला समिती आली, धुऱ्यावर म्हणजे वावराच्या बांधावरच उभी राहिली, समोर हिरवी पऱ्हाटी पाहिली आणि ‘पिकाची स्थिती उत्तम’ असं लिहून निघून गेली. वर जाता जाता त्यांच्यातला एक जण गावकऱ्यांदेखत म्हणाला, म्हातारा खोटं बोलतो. रहीमभाई फेरपाहणीचा अर्ज देऊन थेट जिनिंगमध्ये आले. त्यांच्याबरोबर गाडी नव्हती. साडूभाऊंसमोर बसून म्हणाले, “पीक गेलं त्याचं दुःख हाय भाऊ, पण ते माह्या एकट्याचं नाई. मले चारचौघात लबाड म्हटलं. साठ वर्षांत नाई म्हटलं कोणी.” साडूभाऊ दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन अमडापूरला गेले आणि बोंडं चिरून अळीचे फोटो काढून आणले. ते फोटो मी पाहिले. गुलाबी अळी, तिच्या अंगावरची लव, कुरतडलेली सरकी, आणि मागे सगळं धूसर, लोण्यासारखं मऊ हिरवं. मागचं असं धूसर करता यावं म्हणून तर त्यांनी वर्षभर जीव टाकला होता. मोठे छाप काढून ते तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले, तर तिथल्या साहेबांनी कौतुकाने पाहिले आणि परत केले. “फोटो सुंदर आहेत काका, पण हे कुणाचं वावर, कुठलं बोंड? मागे काहीच दिसत नाही. असे फोटो कुणीही इंटरनेटवरून काढील.”

तो दिवस मी विसरणार नाही. साडूभाऊ माझ्या घरी आले, छाप टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, माह्या हौसेनं त्याले पुन्हा लबाड केलं.” मी सांत्वनाचं काहीतरी पुटपुटलो. ते उठले आणि गेले. त्यानंतर आठवडाभर ते एकच गोष्ट शिकत होते: पुढचंही स्पष्ट आणि मागचंही स्पष्ट. पहाटे अंगणात लिंबाची फांदी पुढे, मागे बंब, त्याच्या मागे शेजाऱ्याची म्हैस, आणि म्हशीच्या शेपटीचा गोंडा दिसेपर्यंत फोटोवर फोटो. सुंदर एकही आला नाही. सगळे पंचनाम्यासारखे रुक्ष आले, आणि ते खूश झाले.

फेरपाहणी गुरुवारी होती. ऐन हंगामात ग्रेडरने रजा घेतल्याचं जिनिंगमध्ये कुणाला आठवत नव्हतं, ती त्यांनी घेतली, आणि मला शाळेतून ओढून नेलं. कचेरीतले तेच साहेब, तलाठी आणि बाकीची समिती आली, पुन्हा धुऱ्यावर उभी राहिली, हिरवं पाहू लागली. साडूभाऊ पुढे झाले. “साहेब, बोंड तुमीच तोडा. तुमच्या पसंतीनं तोडा. मी हात नाई लावत.” आता जमलेल्या इतक्या गावकऱ्यांपुढे नाही कसं म्हणायचं? साहेबांनी एक टपोरं बोंड निवडून तोडलं. साडूभाऊंनी ते त्यांच्याच तळहातावर ठेवायला सांगितलं, चाकूही त्यांच्याच हाती दिला. बोंड उघडलं. वरवर पाहता आत फारसं काही दिसत नव्हतं. साडूभाऊंनी सरकीची पिशवी साहेबांच्या मनगटाखाली टेकवली, भिंग जवळ नेलं आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर साहेबांच्या स्वतःच्या तळहातावर, त्यांच्या अंगठीशेजारी, बोटाएवढी गुलाबी अळी मान वर करून बघत होती. साहेबांनी हात असा झटकला की बोंड तलाठ्याच्या खिशात जाऊन पडलं. पण तेवढ्यात फोटो निघाला होता, आणि त्यात अळी होती, अंगठी होती, मागे रहीमभाईंची विहीर होती, कडुनिंब होता आणि सगळी समिती रांगेत उभी होती. एकूण एक स्पष्ट.

मग साहेब स्वतःच पऱ्हाटीच्या ओळींतल्या तासात शिरले. माणूस वाईट नव्हता, फक्त धुऱ्यावरून पाहायची सवय लागलेली. त्यांनी आपल्या हाताने वीस बोंडं तोडली, चिरली, आणि एकेक त्या भिंगाखाली धरायला लागले. पाचव्या बोंडापासून तर तेच साडूभाऊंना सांगत होते, काका, इकडून घ्या, इथे विष्ठा दिसते आहे बघा. वीसपैकी सतरांत अळी निघाली. गावकरी टाळ्या वाजवायला लागले, मीही वाजवल्या. साडूभाऊ तेवढे मातीत गुडघे टेकून पडद्यावरची धूळ पुसत होते, आणि मला त्या क्षणी माझ्या या साडूचा इतका अभिमान वाटला की मी ते कधी त्यांना सांगितलेलं नाही.

साहेबांनी कडुनिंबाखाली बसून नवा पंचनामा लिहिला आणि रीत म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. गट नंबर, क्षेत्र, वाण, सगळं झालं. शेवटी वाचलं, ‘शेतकऱ्याने दिलेली माहिती प्रत्यक्ष पाहणीत खरी आढळली.’ सही करायला कागद पुढे सरकवला, तर रहीमभाई पेन हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, “साहेब, तेवढी आखरी ओळ पुन्हा एकडाव वाचता का?” साहेबांनी वाचली. या खेपेला जरा सावकाश वाचली, धुऱ्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशी.

पुढच्या हंगामात रहीमभाईंनी पऱ्हाटी लावली नाही, सोयाबीन पेरलं. शहाणपणाचंच होतं ते. आता अमडापूरची गाडी नांदुऱ्याला येत नाही, आणि हंगामात फाटक उघडलं की साडूभाऊ अजून एकदा मान वर करून बघतात, हे मला त्यांच्या हमालाने सांगितलं. दर भादव्यात मात्र एका रविवारी ते अमडापूरला जातात आणि दिवसभर रहीमभाईंसोबत वावरात बसून परत येतात. परवा मी विचारलं, आता तिथे कशाचे फोटो काढता? म्हणाले, “काईचे नाई, मास्तर. बसतो. त्याचं वावर हिरवं दिसते, अन् आता ते आतूनबी हिरवंच असते. फक्त दिवाळीले पांढरं नाई होत.”