दोन बोटं माया

कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. नाशिकला शिवणक्लासच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून दिलं होतं, वाढत्या मुलीच्या कपड्याला दोन्ही बाजूंनी दोन बोटं माया. पुढच्या वर्षी टाके उसवायचे, माया सोडायची, कपडा आणखी एक वर्ष जातो. लग्नानंतर दोह्यात आले तरी मी हेच करत राहिले. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझी दोन मशिनं आहेत. तिथून बाहेर गेलेल्या मुलींच्या कपड्यांत बिनमायेचा कपडा एकच आहे.

तो एका रशियन मुलीचा. तिची आई इथल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होती आणि त्यांच्या युनिफॉर्मची दुरुस्ती माझ्याकडे येते. मुलगी बारा वर्षांची. वर्षभर रशियात आजीकडे राहून बर्फावरचं स्केटिंग शिकायची, स्पर्धा खेळायची, आणि उन्हाळ्यात दोन महिने आईकडे यायची. तेव्हा सराव इथल्या मॉलमधल्या रिंकवर, सकाळी दुकानं उघडायच्या आत. गॅदरिंगचे आणि गणपतीतल्या नाचाचे कपडे मी शिवते हे आईला कुणीतरी सांगितलं असावं. ती मुलीला घेऊन आली.

मुलगी पाठीने ताठ, बोलायला मोकळी. आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला आंटी म्हणतात हे तिने जिन्यातच ऐकलं आणि आत येऊन पहिला शब्द तोच काढला. खोलीत खिडकीजवळ एक फरशी थोडी उंच बसलीय, तिच्यावर मी गिऱ्हाइकाला उभं करते. ती तिथे उभी राहिली आणि मी सांगायच्या आधी दोन्ही हात बाजूला पसरून पोट आत घेतलं.

"श्वास सोड," मी म्हटलं. "पोट आत घेऊन माप घेतलं तर कपडा पोट आत घेऊनच घालावा लागेल."

"मी तसाच घालते," ती म्हणाली.

फ्रॉक निळा, ताणाच्या कापडाचा. बाह्यांना कातडीच्या रंगाची जाळी, छातीवर खडे. सवयीने बाजूच्या शिवणींत दोन बोटं माया सोडली आणि आतून कच्च्या टाक्यांनी दाबून टाकली. आई कपडा न्यायला आली तेव्हा तिने तो उलटा करून पाहिला. मला ते आवडलं. कपडा उलटा करून बघणारं गिऱ्हाईक कमी.

"हे काय?"

"माया," माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग इंग्रजीत सांगितलं, जास्तीचं कापड आहे, ती वाढली की सोडता येईल.

"ती वाढणार नाही."

मला वाटलं, भाषेचा घोळ आहे. "या सीझनमध्ये नाही, असंच ना?"

"वाढणार नाही," ती पुन्हा म्हणाली. "मी बुटकी, माझी आई बुटकी. कोचने आम्हा दोघींना बघून मग हिला घेतलं. कापून टाका. उडी मारताना एवढंसं कापडही जड होतं."

मुलगी हसली. "आंटी, मी वाढले तर खलास," असं म्हणून तिने बोट गळ्यावरून फिरवलं. खलास हा शब्द ती इथेच शिकली होती.

कापड गिऱ्हाइकाचं, मर्जी गिऱ्हाइकाची. मी कात्री घेतली आणि दोन्ही बाजूंची माया शिवणीलगत कापून दिली.

त्या हिवाळ्यात आईने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. निळा फ्रॉक, पांढरा बर्फ, हवेत तीन गिरक्यांची उडी मारून पोरगी एका पायावर उतरत होती. एकदा नाही, पाच वेळा. तिच्या वयोगटात ती दुसरी आली आणि मॉस्कोतल्या एका मोठ्या कोचने तिला आपल्या गटात घेतलं; आजीचं घर सोडून ती तिथल्या होस्टेलवर राहायला गेली. बाहेरच्या देशांतल्या स्पर्धा तेव्हा युद्धामुळे त्यांच्या लोकांना बंद होत्या. सगळी चढाओढ देशातल्या देशात, पोरी भरपूर आणि जागा मोजक्या. हे मला आईने सांगितलं. मी फक्त शिवण बघितली. कुठे चुणी नव्हती.

पुढच्या जूनमध्ये ती आली तेव्हा दार मी उघडलं आणि माझी नजर तिच्या डोळ्यांना भिडली. आदल्या वर्षी ती माझ्या खांद्याला लागत होती.

कोचने तिला सप्टेंबरपर्यंत वेळ दिला होता. तोवर तीन गिरक्यांची उडी परत आली तर गटात जागा, नाहीतर नाही. उंची वाढल्यापासून उडी गेली होती. तिला निळाच फ्रॉक हवा होता, कारण उडी त्या फ्रॉकमध्ये लागत होती. तिने तो घालून दाखवला. मांडीजवळ कापड वर सरकत होतं आणि पाठीची चेन मधेच अडकली होती.

"सोडून द्या ना थोडा," ती म्हणाली.

"सोडायला काही नाही. गेल्या वर्षी कापलं."

"का कापलंत?"

"तुझ्या आईने सांगितलं."

"तुम्ही सगळ्यांचं ऐकता," ती म्हणाली. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं.

कपडा मोठा करायचे मार्ग मला माहीत आहेत. दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत जाळीची पट्टी घातली, वर चार खडे लावले. बाहेरच्या माणसाला ती डिझाईनच वाटली असती. तिने आरशात पाहिलं आणि पट्टीच्या रुंदीवर बोटं ठेवली. एक, दोन.

"गटातल्या मुलींना कळेल," ती म्हणाली. "त्या हेच बघतात. कोण किती वाढलं ते त्यांना इथेच मोजता येईल."

मी पट्ट्या काढल्या आणि फ्रॉक होता तसाच घट्ट शिवून दिला. पोट आत घेतलं की चेन कशीबशी लागत होती.

उभ्याने घातलेला कपडा बर्फावर कसा वागतो ते पाहायला मी एका सकाळी सुई-दोरा घेऊन रिंकवर गेले. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत मी शाल घेऊन बसले होते. ती वेग घ्यायची, पाठमोरी व्हायची, उडायची, पडायची. उठून बर्फ झटकायची आणि पुन्हा त्याच जागेवरून. नऊ वेळा मोजलं, मग सोडलं. दर वेळी उजव्या कमरेवर पडत होती. मी शिवणीकडे बघत होते, तुटते का म्हणून. तुटली नाही. शिवण चांगली मारली होती, एवढंच माझ्या मनात आलं. हे मी नंतर पुष्कळदा आठवलंय.

परत येताना ती माझ्याबरोबर टॅक्सीत होती. डब्यात बेसनाचे लाडू होते, मी एक पुढे केला. तिने हातात घेतला, वास घेतला आणि परत डब्यात ठेवला.

"छान आहे," ती म्हणाली.

दर रविवारी कोचला तिची मापं पाठवावी लागायची. वजनाच्या काट्याला ती फसवायला शिकली होती, हात बेसिनवर टेकवून. ते आईच्या लक्षात आलं, म्हणून मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. कंबर, सीट, मांडी, उंची. मी घ्यायची, वहीत लिहायची, आई दारात उभं राहून तिथूनच फोनवर टाकायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती फरशीवर उभी राहिली, हात पसरले. मी टेप सीटभोवती आणली तेव्हा तिने मान न वळवता हळूच म्हटलं, "आंटी, मागच्याच आठवड्याचं लिहा. प्लीज."

टेप मागच्या आठवड्याहून एक इंच पुढे होती.

मला ऐकू आलं होतं. तीस वर्षांत मी खोटं माप लिहिलेलं नाही. माप चुकलं की कापड फुकट जातं, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मी होतं तेच लिहिलं आणि आईने विचारल्यावर होतं तेच वाचून दाखवलं. आईने फोनवर टाकलं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ओव्हरलॉकच्या मशिनवर चार रंगांची रिळं होती, त्यांच्याकडे बघत होती.

जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. ते हमद पोर्टवर कामाला आहेत, दिवसभर कागद तपासतात.

"अगं, एक इंच टेप ओढून धरली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"कपडा बिघडला असता."

"कुठला कपडा?" ते म्हणाले. "तू शिवत काय होतीस?"

मी भाजी वाढली. शिवत काहीच नव्हते.

मंगळवारी कोचचं उत्तर आलं. आईने मला दाखवलं, ट्रान्सलेट करून, चार ओळींचं. मापं पाहिली. सरावाचा व्हिडिओही पाहिला. सप्टेंबरमध्ये येण्याची गरज नाही. होस्टेलवरचं सामान महिनाअखेर घेऊन जावं. आईने फोन पर्समध्ये टाकला. तिने विचारलं, युनिफॉर्मचे दोन स्कर्ट आहेत, गुरुवारपर्यंत होतील का? मी हो म्हटलं.

उडी तर आधीच गेली होती, असं मी स्वतःला सांगते. नऊ वेळा पडताना मीच पाहिली. पण व्हिडिओ त्यांच्याकडे आधीच्या आठवड्यापासून होता आणि उत्तर आलं ते मापानंतर. याचा निकाल मला लावता येत नाही, आणि विचारायचं तरी कुणाला?

स्कर्ट द्यायला मुलगीच आली, एकटी. तिला इथल्या शाळेत घालणार होते. तिचं वय चौदाही पुरं नव्हतं आणि आठ वर्षांचं काम संपलं होतं. डोळे सुजलेले नव्हते. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान पाणी देता आलं असतं. तिने स्कर्टची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत खाली निळा फ्रॉकही होता.

"हा कुणाला लहान मुलीला होत असेल तर द्या," ती म्हणाली. "चांगला शिवलाय."

मी स्कर्ट बाहेर काढून पाहायला लागले. कमरेत घ्यायचे होते की उंचीला कमी करायचे होते, ते आईने चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. ते विचारायला मागे वळले तर ती खिडकीजवळच्या त्या फरशीवर उभी होती, दोन्ही हात पसरून.

"हात खाली कर," मी म्हटलं. "आज माप नाही."

तिने हात खाली केले. पोट मात्र आतच धरून ठेवलं होतं. ती दार उघडून जिना उतरेपर्यंत मी पाहत होते, तसंच धरलेलं होतं.