भोकं जिती, पिना मेल्या

पुतणीच्या हळदीच्या संध्याकाळी वीज गेली, तेव्हा सात रस्त्याहून हातगाडीवर जनरेटर घेऊन आलेला तो माणूस मला एकदाच भेटला. कुठलीही वायर उचलताना तो आधी तिच्या टोकावरून अंगठा फिरवायचा. मी हसलो.

तो म्हणाला, "मालक, करंट देनाऱ्या टोकाला भोकं, घेनाऱ्याला पिना. भोकं जिती, पिना मेल्या. मग अंधारात पन भ्या न्हाय."

जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरभर खेळवावी, म्हणून मी त्याला दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायला सांगितली.

"तसलं मांडूळ न्हाय करनार. दोनी तोंडांनी चावतंय की!" असं म्हणत तो मेन स्विचला जोडायचं सामान आणायला गेला.

पाहुणे खोळंबले होते. मीच तशी वायर केली, एक टोक जनरेटरला लावून तो सुरू केला आणि दुसरं ओसरीत टाकून कंदील आणायला आत गेलो. तेवढ्यात तो परतला. अंधारात त्याने ते टोक उचललं आणि निर्धास्तपणे अंगठा फिरवला. अंगठ्याला पिना लागल्या आणि त्याची मूठ त्या टोकावर आवळली गेली.

मी धावत येऊन जनरेटर बंद केला, पण तो गेला होता.

लोक म्हणाले, प्यालेला असणार. मी होकारार्थी मान हलवली आणि ती वायर गुंडाळून माळ्यावर टाकली.

त्याची बायको आली. वाकून तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वास न्हाय की ओ येत, मालक."

वास नव्हताच, बाई. वायर माझी होती.