चार बोटांचा ठसा

रविवारी या ग्रुपवर टाकलेल्या माझ्या फोटोवर तुम्ही सगळ्यांनी लाल बदाम टाकले. एवढी माणसं, आणि एकालाही बोटं मोजता आली नाहीत?

नमस्कार. आता नीट वाचा.

माझी नात स्वरा, सहा वर्षांची. उजव्या हाताला जन्मापासून करंगळी नाही, चारच बोटं. शाळा सुरू झाल्यापासून बाहेर पडताना तो हात फ्रॉकच्या खिशात जातो... घरी आली की निघतो. घरात तिला कशाचं काही नव्हतं.

रविवारी सुनेनं, वैशालीनं, मोबाईलवर बघून ठरवलं की सिमेंटच्या चकतीवर पोरीच्या हाताचा ठसा घ्यायचा आणि जास्वंदीखाली ठेवायचा. मला म्हणाली, आई, तुम्हाला सिमेंटचं कळतं. कळणारच. शाळा दुसरीत सुटली, अर्धा जन्म बांधकामावर घमेली उचलण्यात गेला.

रेती चाळली, केकच्या जुन्या डब्याला आतून तेल लावलं, माल कालवून भरला. स्वरानं उजवाच हात दाबला. झकास उमटला.

सिमेंट चावतं म्हणून तिला साबणानं हात धुवायला पाठवलं. मी एकटीच ठशाकडे बघत बसले... फोटो टाकायचा होता. लोक काय म्हणतील, असं मनात आलं. रिकाम्या जागी मी माझी करंगळी दाबली. झाली पाच.

वैशालीनं दारातून पाहिलं. बोलली काहीच नाही. या बाबतीत ती सहा वर्षं बोललेली नाही... बारशाला पाळण्याजवळ तुमच्यातल्याच दोघी कुजबुजत होत्या, पोरीच्या आईनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली असेल म्हणून. तेव्हा बोटं बरोबर मोजता आली होती. वैशालीनं ऐकलं, मीही ऐकलं. माझी जीभ सगळीकडे चालते, त्या दिवशी मात्र चालली नाही.

सोमवारी सकाळी चकतीवरचं ओलं पोतं काढून पाणी मारत होते. स्वरा शेजारी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"आजी, हे जाडं बोट कोणाचं वं?"

"तुझंच. ओल्यात पसरते."

"माझं नाही. मले मोजता येते."

आणि हात खिशात गेला. घरच्या अंगणात, माझ्यासमोर...

मी हातोडा आणला. दोन घावात चकतीचे तुकडे. आवाज ऐकून वैशाली धावत आली, आई, काय करून राहिल्या म्हणून. म्हटलं, माझं बोट काढून राहिली.

मग पोरीला खरं सांगितलं. ते बोट मी दाबलं, लोकांच्या भीतीनं.

"तू तं कोणालेच भीत नाही," ती म्हणाली.

मी तुकडे गोळा केले.

पुन्हा माल कालवला. हात काही खिशातून निघेना. मी लाडीगोडी लावली नाही. माल ओला आहे तोवर ये, एवढंच म्हटलं आणि डब्यावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून बसले. चहा गार झाला, कंबर धरली... मग आली. असा हात दाबला की मनगटापर्यंत माल! खाली नाव वैशालीनं कोरलं, खराट्याच्या काडीनं.

आजचा फोटो त्याचा आहे. मोजून घ्या.

सिमेंटमधली चूक ओली असेपर्यंत बोटानं पुसता येते. वाळली की फोडावीच लागते. माझी तर सहा वर्षांची वाळलेली होती.

बदाम नकोत. पाळण्याजवळ ज्या दोघी बोलल्या होत्या, त्यांनीच उत्तर द्यायचं. मला नाही, वैशालीला. आणि इथं लिहून नाही, घरी येऊन.