गच्चीवरचा गोसावी

श्रावणातल्या एका सोमवारी माझा भाऊ गेला. कुंभार पिंपळगावहून आत्या आली. दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवरच्या कुंड्यांतली बाजरी उपटली.

भाऊ नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बाजरीच्या रोगांचं काम पाहायचा. आमच्याकडच्या बाजरीला गोसावी लागतो. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात, म्हणून गोसावी. तो आणणारा जीव बुरशीसारखा, जिवंत बाजरीवरच जगणारा. भाऊ गावोगावचा गोसावी गोळा करी. प्रत्येक गावची कुळी निराळी, म्हणे. एक जे वाण मारते, त्याला दुसरी हात लावत नाही.

जांबजवळच्या एका शेतातला गोसावी मात्र मवाळ होता, रोपं मारत नव्हता. भावाने त्याचे नमुने विद्यापीठातल्या मित्राकडे नेले. त्या गोसाव्याच्याच आत विषाणू सापडले. इतर कुळींत नव्हते.

"गोसाव्यालाच पडसं झालंय," तो जेवताना म्हणाला.

"मग काढा पाज त्याला," आई म्हणाली.

विषाणूमुळे तो मवाळ झाला, की ती कुळीच मुळात मवाळ, हे भावाला शोधायचं होतं. त्यासाठी ती कुळी जिवंत राहायला हवी होती. कंपनीच्या वाफ्यात ती इतरांत मिसळली असती, म्हणून त्याने ती गच्चीवर ठेवली. जुनं रोप वाळायच्या आत तो नव्या रोपाला लागण करी. शेवटी दवाखान्यातूनही त्याने मला विचारलं होतं, "कुंड्यांना पाणी घातलंस ना?"

"आत्या, कुंड्यांतली बाजरी कुठंय?" गच्चीवरून खाली येऊन मी विचारलं.

"गोसावी लागल्ता रे तिला. उपटून परसात फेकली. तुम्ही समदे सुन्न बसून राह्यले, मंग कोण बघणार?"

शेतात ती जन्मभर हेच करत आली होती. मी परसात गेलो, तेव्हा कोपऱ्यात पडलेली रोपं सुकली होती.

पुढच्या पावसाळ्यात मी त्याच कोपऱ्यात बाजरी पेरली. मातीत पडलेल्या पानांतून गोसावी पुन्हा उगवला, पण तो एकसारखा नव्हता. काही रोपं कोवळेपणीच गेली, काहींना जेमतेम जटा आल्या. मित्राने तपासून सांगितलं, काहींत विषाणू आहे, काहींत नाही. मातीतल्या बीजाणूंत कुळीची नवी सरमिसळ होते, असं तो म्हणाला. भावाचा प्रश्न त्यातून सुटेल का, हे त्याला सांगता आलं नाही.

आत्या येते तेव्हा त्या कोपऱ्यापाशी थांबते. भाऊ त्यावर काय करायचा, हे आता तिला ठाऊक आहे; उपटायला हात पुढे करते, मग मागे घेते.

परसात बाजरी आहे. तिला गोसावी येतो. काही कणसांतल्या गोसाव्यात विषाणू आहे.