आण्णांच्या गाठीचा निकाल

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, यकृतातली गाठ काढली तेव्हापासून आमच्या घरात कॅन्सर हा शब्द बंद झाला होता. त्यांना सांगितलं होतं, साधी गाठ होती, गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच, चपला काढायच्या आत पढवायचे. गुलमंडीची आत्या तेवढं करूनही आत जाऊन हमसून हमसून रडली. मला तिचा इतका राग आला, की चहासुद्धा धड दिला नाही. आण्णा चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तापट माणूस. पण हे कळलं तर अंथरूणच धरतील, अशी आईची खात्री. तिच्यापुढं आमचं काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं.

मग डॉक्टरांनी एक नवी तपासणी सुचवली. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो, त्यावर ती होते. "जनुकं तीच राहतात," ते म्हणाले, "पण त्यांच्यावर रासायनिक खुणा बसतात आणि काही जनुकं गप्प होतात. त्या खुणा वाचल्या की आजार उलटायचा धोका किती, याचा अंदाज येतो. अंदाजच हं, भविष्य नाही." अडचण एकच होती. संमतीला पेशंटचीच सही हवी. भाऊ म्हणाला, "मी करतो ना." डॉक्टरांनी साफ नकार दिला.

मी आण्णांना घेऊन औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं. मी फरशीकडं बघत बसले.

"मला ठावं हाय," आण्णा शांतपणे म्हणाले. "साध्या गाठीसाठी एवढं गणगोत भेटाया येतं व्हय? तुझी आई घाबरंल म्हणून गप बसलो." त्यांनी सही केली. "पण डॉक्टरसाहेब, निकाल आधी मला एकट्याला सांगायचा."

निकाल यायला आठवडे लागले. फोन वाजला की आईचा पोळी लाटणारा हात थांबायचा. भाऊ उगाच भांडण उकरून काढायचा, मी शाळेत पोरांवर खेकसायचे. आण्णा तेवढे निवांत जेवायचे. मला त्याचाही राग यायचा.

बोलावणं आलं त्या दिवशी ते आत एकटेच गेले. आम्ही तिघं बाहेर बाकावर. दार उघडलं.

"काय बी नाय. बेस हाय समदं," ते हसून म्हणाले.

आईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. माझा जीव भांड्यात पडला. भाऊ रिक्षा बघायला पळाला, आई पाणी प्यायला नळाकडं गेली. आण्णा माझ्या कानाशी वाकले.

"खुणा चांगल्या नाय निघाल्या, पोरी. परत उलटायची भीती लई हाय म्हणत्यात. आईला सांगू नको."

आई तोंड पुसत परत आली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता.

"काय म्हणतायत गं?" तिनं विचारलं.

"पेढे घ्यायचे म्हणतायत," मी म्हणाले.